पांढऱ्या भाकरीतलं लोखंड

नणंद शास्त्रज्ञ झाली म्हणून ती नणंद असायची थांबत नाही. शिवलीला पुण्याहून येणार असा फोन आला, की मी आधी स्वयंपाकघरातली जळमटं काढते आणि मग दूध जास्तीचं सांगते. ती येते ती थेट पिठाच्या डब्याकडे. झाकण उघडून चिमूटभर पीठ जिभेवर ठेवायचं, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "चांगलंय." हे कौतुक माझं नसायचं. ते पीठ तिने घडवलेल्या ज्वारीचं असायचं.

मी महानंदा मिटकरी. लातूरहून औशाकडे जाताना आतल्या अंगाला आमचं गाव आहे, तिथल्या शाळेत मी शिकवते. नवरा राजशेखर शेती बघतो. सासूबाईंना सगळे अव्वा म्हणतात, मीही. खरं तर त्या माझ्या सख्ख्या आत्या. आमच्यात मामाची मुलगी करायची जुनी रीत, त्या रीतीने मी माहेरातून माहेरातच आले. शिवलीला राजशेखरची धाकटी बहीण. लहानपणी आम्ही एका ताटात जेवलो आहोत आणि एकमेकींच्या झिंज्याही उपटल्या आहेत. आमची एकुलती एक लेक शर्वाणी. ही गोष्ट तिच्या जिवाची आहे.

शिवलीलाने लोहाची ज्वारी पहिल्यांदा घरी आणली तेव्हा ती लाल होती. शर्वाणी त्या वेळी सात-आठ वर्षांची असेल. शिवलीलाने हौसेने स्वतः भाकऱ्या थापल्या आणि पहिली अव्वांच्या ताटात वाढली. अव्वांनी ती बोटाने उलटून बघितली आणि ताट पुढे सरकवलं.

"ही मिलो हाय."

"अव्वा, ही मिलो नाही. ही मी केलीय."

"मला नको शिकवू. बहात्तर साली खडी फोडून हेच खाल्लंय मी. तवा भूक होती मनून खाल्लं. आता मरायच्या वयात पुन्हा खाऊ घालतीस व्हय गं, सख्ख्या आईला?"

मराठवाड्यात मिलो हा शब्द धान्याचा राहिलेला नाही. बहात्तरच्या दुष्काळात परदेशातून लाल ज्वारी आली, रेशनवर मिळाली, लोकांनी ती खाऊन जीव जगवला आणि जन्मभर तिचा राग केला. तिची भाकरी थापताना फुटायची, घशाखाली उतरायची नाही, आणि ताटात ती दिसली की आपण किती लाचार झालो ते कळायचं. ज्यांनी तो दुष्काळ बघितला नाही, त्यांनाही आईबापांनी तो शब्द शिवीसारखा शिकवला होता. शिवलीलाची लाल ज्वारी गावोगाव दाखवायला नेली, आणि गावोगाव हेच झालं. आत काय आहे ते कोणी विचारलंच नाही.

आत जे होतं ते खरोखर मोलाचं होतं. लोह ज्वारीत मुळात असतंच, पण ते बरंचसं दाण्याच्या कोंड्यात आणि अंकुरात असतं आणि फायटेट नावाच्या द्रव्याने ते घट्ट धरून ठेवलेलं असतं. आपण खातो, पण पोटाला ते सुटत नाही; आलं तसं निघून जातं. शिवलीलाने दोन गोष्टी केल्या. लोह साठवणारं एक प्रथिन दाण्याच्या गाभ्यात तयार होईल असं केलं. आणि पीठ भिजलं की फायटेटची पकड सोडवणारं एक विकर दाण्यातच घातलं. "सासूच्या कमरेची किल्ली सुनेच्या हातात दिली," असं ती अव्वांसमोर मुद्दाम म्हणायची.

लाल रंगाचा या लोहाशी काही संबंध नव्हता. तिने जो गावरान वाण घेतला होता तो लाल होता, एवढंच. दाण्याच्या सालीतला तो रंग एका जनुकावर चालतो. पांढऱ्या ज्वारीतही ते जनुक असतं, फक्त बिघडलेलं. शिवलीलाने आपल्या वाणातही ते बिघडवलं. जनुकात नेमकी काटछाट करायची हत्यारं तिच्या हाताशी होतीच, अवघड काम लोहाचं होतं आणि ते झालेलं होतं. पुढच्या हंगामात दाणा निघाला तो मालदांडीसारखा, मोत्यासारखा पांढरा. नाव ठेवलं शुभ्रा. अव्वांनी पहिली भाकरी खाल्ली, दुसरी मागितली आणि म्हणाल्या, "ही खरी ज्वारी."

नजरेला कळत नाही, जिभेला कळत नाही, हाच शुभ्राचा मोठेपणा होता. हिवाळे तापायला लागल्यापासून गहू पिकेना झाला होता, रेशनवर पुन्हा ज्वारी आली होती. चार वर्षांत आमच्या भागात दुसरी ज्वारी शोधूनही सापडेना.

आणि खोटं का बोला, तिने आम्हाला वाचवलं. बाळंतपणानंतर मला फळ्यापुढे उभं राहिलं की अंधारी यायची, ती गेली. आमच्या बांधाला बांध असलेली सुलोचना सोनकांबळे, जिला तीनदा रक्त चढवलं होतं, ती सोयाबीनची पोती एकटी उचलू लागली. गावात बाळंतपणात बाई दगावणं थांबलं. शिवलीलाचा सत्कार झाला तेव्हा अव्वा पहिल्या रांगेत बसून रडल्या. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, नणंदेसाठी आलेलं बहुधा पहिलंच.

फक्त शर्वाणी पांढरीफटक ती पांढरीफटकच राहिली.

आरोग्य केंद्रात एक यंत्र असतं. पापणीच्या आतला फोटो काढतं आणि रक्त किती आहे ते सांगतं. सगळ्या मुलींचे आकडे वर चढले, शर्वाणीचा जागचा हलेना. यंत्र दर वेळी एकच सांगायचं: लोहयुक्त आहार वाढवा. मी शिवलीलाला फोन केला.

"वहिनी, तिला आंबील दे रोज," ती म्हणाली. "ताकात पीठ आंबवलं की उरलंसुरलं फायटेटही जातं. वरून लिंबू पिळ. अगं, भाकरीपेक्षा दुप्पट लोह लागेल अंगी."

तसं सुरू झालं. सकाळी उठल्यावर शर्वाणीला तांब्याभर आंबील. अव्वा आपल्या वाटची तिच्या पेल्यात ओतायच्या. राजशेखर शेतातून येताना लिंबं आणायचा. सगळं घर मायेने त्या पोरीला पाजत होतं.

सतराव्या वर्षी ती लातूरच्या कॉलेजात जिना चढताना कोसळली. आम्ही पोचलो तेव्हा तिच्या छातीला वायरी लावलेल्या होत्या आणि पडद्यावर तिच्या हृदयाचे ठोके वेडेवाकडे पडत होते. रक्तविकारांच्या डॉक्टर फरहाना काझी यांनी आम्हाला आत बोलावलं. शर्वाणीच्या चेहऱ्याचा रंग फिका म्हणावा तर अलीकडे तो राखेसारखा झाला होता, ते मी बघितलं होतं आणि उन्हाला बोल लावला होता.

"हिला लोह कोण देत होतं?" त्यांनी विचारलं.

"सगळेच," मी म्हणाले. "कमी आहे ना तिला."

"रक्त कमी आहे. लोह इतकं आहे की यकृत भरून हृदयात उतरलंय." मग त्या म्हणाल्या, "तुमचं लग्न नात्यातलं का?"

राजशेखरने मान खाली घातली. मी हो म्हणाले.

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. थॅलेसेमिया. दोघांकडून एकेक बिघडलेलं जनुक आलं की मुलात दिसतो. शर्वाणीचा प्रकार सौम्य, रक्त चढवावं लागत नाही असा, म्हणून इतकी वर्षं कोणाच्या ध्यानात आलं नाही. "माणसाच्या शरीराला जादा लोह बाहेर टाकायची वाट नाही," त्या म्हणाल्या. "राखण आहे ती आत घेताना. पुरेसं झालं की यकृत निरोप पाठवतं आणि आतडं लोह घ्यायचं थांबवतं. हिच्या रक्तपेशी नीट बनतच नाहीत, बनतात त्या लवकर फुटतात, म्हणून शरीराला कायम वाटतं की लोह कमी पडतंय. तो निरोप जातच नाही. साध्या ज्वारीवर तिला तिशी-चाळिशीपर्यंत फार त्रास झाला नसता. तुम्ही शुभ्रा खाता. आणि वर आंबील."

"वाचेल ना?" राजशेखरने विचारलं.

"लोह ओढून काढायच्या गोळ्या आहेत. जन्मभर घ्यायच्या. पण एकीकडून उपसायचं आणि दुसरीकडून ओतायचं, हे तिचं हृदय सोसणार नाही. ती ज्वारी तिच्या पोटात जाता कामा नये. एखाद्या वेळी गेली म्हणून काही होणार नाही, पण एखादी वेळ रोजची होते."

महिन्याभराने तिला घरी आणली. भात घालायचा असं ठरलं. पण ज्वारी नुसती भाकरीत नसते हे मला त्या वर्षी कळलं. गिरणीत तांदूळ दळायला दिला की त्यात आधीच्या ज्वारीचं पीठ मिसळतं. बिस्किटात गव्हाच्या जोडीला ज्वारी, पापडात ज्वारी, कॉलेजच्या खाणावळीतल्या थालीपिठात ज्वारी. सगळी पांढरी. विचारलं तर समोरच्यालाही सांगता यायचं नाही. आणि विचारायचं तरी कसं? अव्वांनी बजावलं होतं, "बाहेर कुनाला बोलू नगा. पोरीची जात हाय. उद्या कोन पदरात घील?" मी मुलांना विज्ञान शिकवते आणि तरी मी गप्प बसले.

त्यातच बातमी आली की पुढच्या जूनपासून तांदळातही शिवलीलाचं हेच तंत्र येणार. राज्यभर, रेशनवर. तांदूळही अर्थात पांढराच.

शिवलीला आली तेव्हा सरळ शर्वाणीच्या खोलीत गेली आणि बराच वेळ तिचा हात धरून बसली. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते. पण मी बोलायचं ठरवलं होतं.

"तिला ओळखू येईल असं काहीतरी कर," मी म्हणाले. "तो लाल रंग तू बंद केलास ना? सुरू कर."

"वहिनी, ते सोपं आहे. जनुक दुरुस्त करायला मला फार तर दोन हंगाम लागतील. पण लाल झाली की लोक खाणार नाहीत. तू बघितलंयस."

"समजावून सांगू."

"आपल्या अव्वाला समजावता आलं का?" ती उठून उभी राहिली. "दर वर्षी या राज्यात किती बाया रक्त कमी म्हणून बाळंतपणात जायच्या, तुला ठाऊक आहे? निम्म्यावर आल्यात. कोणी उपदेश ऐकून नाही खाल्लं त्यांनी. कळलं नाही म्हणून खाल्लं. शर्वाणीसारखी मुलं काही हजार असतील. त्यांना तपासून काढू, कार्ड देऊ, वेगळं धान्य देऊ. पण एका—"

ती तिथेच थांबली. पुढचा शब्द काय होता ते आम्हा दोघींनाही कळलं.

"बोल ना," मी म्हणाले. "एका शर्वाणीसाठी. शिवलीला, तू वाचवलेल्या बायांत मी पण आहे. उपकार विसरले नाही मी. पण ज्या घासाने मी उठून उभी राहिले त्याच घासाने माझी लेक आडवी झाली, आणि दोन्ही घास दिसायला एकच आहेत. कार्ड काय भाकरीवर चिकटवणारेस?"

ती परत खाली बसली. मला वाटलं होतं, तिला हरवून बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही.

तिला सुट्टी होती म्हणून ती येळवशीपर्यंत थांबली. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडे अख्खं गाव शेतात जातं. कडब्याची कोप, म्हणजे छोटी झोपडी, करतात, आत पाच दगडांचे पांडव मांडतात, मातीच्या बिंदगीत आंबील आणि सोबत भज्जी, उंडे, खीर. या दिवशी कोणीही कोणाच्याही शेतात जावं आणि शेतधन्याने त्याला आंबील पाजावी. नाही म्हणायचं नसतं. परक्या वाटसरूनेही नाही म्हणायचं नसतं.

सुलोचनाच्या शेतातलं बोलावणं यायचंच होतं. या बोलावण्याला आमच्या घरात इतिहास आहे. बसवण्णांचं नाव घेणारं आमचं घर, पण राजशेखरच्या आजोबांच्या काळात सोनकांबळ्यांच्या बिंदगीतली आंबील आमच्यातलं कोणी पीत नसे. बांधावरून हात जोडायचे आणि 'पोट भरलंय' म्हणायचं. लग्नाच्या वर्षी राजशेखर बांध ओलांडून गेला आणि दोन पेले पिऊन आला. तेव्हापासून आम्ही दर साल जातो. सुलोचनाने ती गोष्ट कधी तोंडाने काढली नाही आणि ती कधी विसरलीही नाही.

शर्वाणीला न्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण सुलोचनाची मुलगी अस्मिता तिची मैत्रीण, ती हात धरून घेऊन गेली. आम्ही पोचलो तेव्हा सुलोचना पेला भरून तिच्यापुढे उभी होती.

"घे गं माय. आजारातून उठलीस, अंगात लोखंड येऊ दे जरा."

"मावशी, नको. पोट भरलंय," शर्वाणी म्हणाली.

बिचारीला माहीत नव्हतं. नेमके तेच शब्द. सुलोचनाचा हात तसाच राहिला आणि चेहऱ्यावरचं हसू हळूहळू विझलं. तिने पेला खाली घेतला आणि माझ्याकडे बघितलं. चुलीपाशी बसलेली तिची म्हातारी सासू मान न वळवता म्हणाली, "ऱ्हाऊ दे सुलोचना. जबरदस्ती करू नये मोठ्या घरच्याला."

मी तोंड उघडलं. काय सांगणार होते? अव्वा माझ्या मागेच उभ्या होत्या. तेवढ्यात शर्वाणीने सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे बघितलं, तिला सगळं कळलं, आणि तिने सुलोचनाच्या हातातून पेला घेतला. "मावशी, थट्टा केली हो," म्हणाली. तो प्याली. दुसरा मागून घेऊन प्याली. सुलोचनाने तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

थोड्या वेळाने शर्वाणी दिसेना म्हणून शिवलीला शोधायला गेली, तिच्या मागे मी. तुरीच्या पट्ट्याआड पोर वाकून घशात बोटं घालत होती. पांढरी आंबील मातीवर सांडली होती. शिवलीलाने तिला मागून धरलं.

"अगं, एका पेल्याने काही होत नाही, राणी. कशाला असं करतेस?"

शर्वाणीने तोंड पुसलं. "आत्या, एकच पेला आहे का? काल अस्मिताकडे पापड, परवा कॉलेजात वाढदिवस, तेरवा अजून काही. जून आला की भातपण. नाही कसं म्हणायचं ते तरी शिकव मला. सगळं पांढरंच आहे. आपलं कुठलं न् विष कुठलं, मला कळत नाही आत्या, मला कधीच कळणार नाही."

शिवलीला खाली ढेकळात बसली. चांगली साडी, चांगला हुद्दा, सगळ्यासकट. तिने शर्वाणीला मांडीवर ओढलं आणि ती मोठमोठ्याने रडली, लहानपणी रडायची तशी. मी उभी होते. मग मीही त्यांच्याजवळ बसले.

पुण्याला गेल्यावर तिने धान्याला मान्यता देणाऱ्या समितीपुढे सांगितलं की तांदूळ थांबवा आणि शुभ्रा मागे घ्या. लोह वाढवलेलं कोणतंही धान्य नुसत्या डोळ्यांनी ओळखू आलं पाहिजे, नाहीतर ते बाजारात जाता कामा नये, असं तिने लिहून दिलं. आपण तपासणी भाकरीवरच केली, आंबिलीवर केलीच नाही, हेही तिने सांगितलं. नंतर मला फोनवर म्हणाली, "मराठवाड्याची पोर असून आंबील विसरले बघ वहिनी. म्हणजे विसरले नव्हते. मला वाटायचं, जास्त लोह म्हणजे जास्त चांगलं." समितीत तिचेच सहकारी तिच्यावर तुटून पडले. पण शुभ्रा तिची होती आणि तिचा शब्द डावलणं कोणाला जमलं नाही. तिच्याकडचं प्रमुखपद मात्र काढून घेतलं.

दोन हंगामांनी लाल ज्वारी आली. शुभ्राचं बी बंद झालं. जनुक दुरुस्त करून रंग परत आला होता, तुरटपणा येऊ दिला नव्हता, भाकरी फुटत नव्हती. काही काही उपयोग झाला नाही. "मिलो आली," एवढं एकच वाक्य गावागावातून फिरलं. लोकांनी जुनी साधी पांढरी ज्वारी कुठून कुठून पैदा केली आणि पेरली. आमच्या घरी अव्वा सोडून सगळे लाल भाकरी खायला लागलो, शर्वाणीला पांढरी. डोळ्यांचं यंत्र मात्र पुन्हा खालचे आकडे दाखवू लागलं.

एकदा शिवलीलाचा फोन आला. नांदेडकडे एक बाळंतीण गेली होती. "लाल म्हणून खाल्ली नाही तिने," ती म्हणाली. "वहिनी, ही माझ्या नावावर." मी तिला म्हणाले नाही की तुझा दोष नाही. तसं म्हणणं सोपं होतं आणि ते खरं आहे की नाही मला आजही सांगता येत नाही. माझी लेक पलीकडच्या खोलीत अभ्यास करत होती, तिचे ठोके नीट पडत होते. मी नुसती फोन कानाला धरून बसले.

या वर्षी सुलोचनाची सून प्रतीक्षा पोटुशी राहिली. सहाव्या महिन्यात तिच्या पायावर सूज आली, ओठ पांढरे पडले. आरोग्य केंद्रातली आशाताई दोनदा लाल पीठ देऊन गेली, सुलोचनाने ते कोंबड्यांना घातलं. शर्वाणीला हे अस्मिताकडून कळलं. ती मला म्हणाली, "आई, चल माझ्याबरोबर." लाल पिठाची पिशवी तिने काखेत मारली.

"मिलो मी सुनेला घालनार न्हाई, बाई," सुलोचना मला दारातच म्हणाली. "दुष्काळात समद्यांनी खाल्ली, तुमच्याबी अव्वांनी खाल्ली. पन दुष्काळ सरल्यावर तुमच्या घरी पांढरी आली. आमच्या सासऱ्याला आनखी कैक साल तीच मिळाली. मजुरीत. आता कुठं आमच्या ताटात पांढरी हाय."

शर्वाणी ओसरीवर बसली आणि म्हणाली, "मावशी, मागं एका येळवशीला मी तुमची आंबील प्याले. आणि तुरीच्या आड जाऊन ओकले."

सुलोचनाचा चेहरा असा झाला की मला खाली बघावं लागलं.

मग शर्वाणीने सगळं सांगितलं. आजाराचं नाव, गोळ्या, हृदय, सगळं. ओसरीवर शेजारपाजारच्या बाया जमल्या होत्या, त्यांच्यादेखत. अव्वांनी इतकी वर्षं झाकलेलं तिने एका दमात उघडं केलं, आणि आवाज कुठे कापला नाही. "ती पांढरी होती, म्हणून मला ओळखू आली नाही. ही लाल आहे ती माझ्यासाठी लाल आहे, मावशी. मला कळावं म्हणून. माझ्या आत्याने केली, आणि तिची खुर्ची गेली. मी ही रोज खाल्ली तर मरेन. इतकं लोखंड आहे हिच्यात. मला ते बाधतं. प्रतीक्षावहिनीला तेच कमी पडलंय."

सुलोचनाने पिशवी उघडून चिमूटभर लाल पीठ हातावर घेतलं.

"मग त्या दिशी प्यालीस कशाला गं?"

"तुम्हाला वाटलं असतं, आम्ही पुन्हा पहिल्यासारखं..."

"वाटलं असतं. लई वाईट वाटलं असतं." तिने पदराने डोळे दाबले. "मनून जीव द्यायचा व्हय? येडी का काय तू? सांगायचं हुतं की माय, तोंड न्हाई का तुला?"

शर्वाणी आत गेली आणि परातीत लाल पीठ घेऊन बसली. जी भाकरी ती खाऊ शकत नाही ती तिने मळली, थापली, तव्यावर टाकली. चांगली टम्म फुगली. प्रतीक्षाने आधी सासूकडे बघितलं. सुलोचनाने मान हलवली. मग तिने एक तुकडा मोडून ठेच्याला लावला आणि खाल्ला. दुसरा खाल्ला. दारातल्या बायांपैकी एकीने पुढे होऊन चतकोर मागून घेतली.

शर्वाणीने बाहेर येऊन हात दोनदा चोळून धुतले. आम्ही निघायला लागलो, तसं सुलोचनाने तिला खांद्याला धरून खाली बसवलं. आतून भाताचं ताट आणलं, वर आमटी वाढली आणि तिच्यासमोर ठेवलं.

"हे पांढरं हाय. हे चालतंय ना? बग, आता मलाबी कळतंय," ती म्हणाली. "नको ते नको मन. पन माज्या दारातून उपाशी उठायचं न्हाई."

शर्वाणी प्रतीक्षाच्या शेजारी बसून जेवली आणि तिने आणखी भात मागून घेतला.